चिमूटभर सोडा

भट्टी उघडली की थोरली आधी हात नाही, कान पुढं करायची. एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडं, बद्द वाजलं तर डावीकडं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला सगळ्यात पहिलं हेच शिकवलं होतं, आणि सासरा गेल्यावरही ती ते इमानानं करत होती. यंदा मात्र तिचे कान तिला दगा देत होते. उजवीकडं ठेवलेली, खणखणीत वाजलेली मडकी बाजारात जायची, विकली जायची, आणि थोड्या दिवसांनी गिऱ्हाईक ती काखेत मारून परत आणायचं.

उन्हाळा तोंडावर आला होता. पाण्याच्या मडक्यांचा हाच हंगाम. या दिवसांत कुंभाराच्या घरात बोलायलाही सवड नसते, आणि नेमक्या या दिवसांत खानावळवाली बाजारात सगळ्यांदेखत मडकं घेऊन उभी राहिली.

"हे बघा. रात्री भरून ठेवलं, सकाळी खाली तळं."

थोरल्यानं, थोरलीच्या नवऱ्यानं, मडकं फिरवून पाहिलं. पोटावर नखाएवढा कपचा उडाला होता आणि आत पांढरा ठिपका दिसत होता. पाहताक्षणी कळण्यासारखं होतं. चुनखडीचा खडा. मातीत राहिला की भट्टीत भाजून त्याचा चुना होतो, आणि पुढं ओल लागली की तो फुगतो आणि मडक्याचा टवका उडवतो. टिचकी मारून तो ओळखू येत नाही. तो काढायचा तर चिखल तुडवतानाच, पायानं.

आणि थोरल्याचे पाय म्हणजे चाळणी, असं सासराच म्हणायचा. चिखल तुडवता तुडवता थोरला मध्येच थांबायचा, पायाच्या बोटांत काहीतरी धरायचा, वाकून ते काढायचा आणि कुंपणापलीकडं भिरकावायचा. तिळाएवढी असो की तांदळाएवढी, खडी त्याच्या तळव्याखालून सुटायची नाही. म्हणून या घरची मडकी लोक डोळे मिटून घ्यायचे.

"बदलून देतो," थोरला म्हणाला. पण खानावळवालीच्या मागं आणखी दोघं आपापली मडकी घेऊन उभे होते, आणि पलीकडं चार हातांवर त्याचाच सख्खा धाकटा भाऊ आपली मडकी विकत बसला होता. त्याच्याकडं कुणी काही परत आणत नव्हतं. थोरल्याचा चेहरा तांबडा झाला.

"एकाच खाणीतली माती," तो मोठ्यानं म्हणाला. "एकाच गाडीत येते, एकाच अंगणात पडते. याची मडकी धड आणि माझी फुटतात. मग खडे येतात कुठून? रात्री कोण टाकतं माझ्या ढिगात?"

धाकटा हातातलं मडकं खाली ठेवून उठला.

"दादा, तू काय बोलतोयस ते तुला कळतंय ना?"

"कळतंय. माझ्याच आईच्या पोटचा आहेस म्हणून इतके दिवस गप्प होतो."

धाकटा यावर काहीच बोलला नाही. त्यानं आपली मडकी गोळा केली आणि बाजार अर्धा असतानाच तो घरी गेला. न बोलणारा माणूस गुन्हेगार, हा लोकांचा हिशेब फार जुना आहे. पुढच्या बाजारी धाकट्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

अंगण दोघांचं एकच होतं. थोरल्यानं त्याच्या मधोमध फुटक्या खापरांची ओळ रचली. पलीकडून धाकटी, म्हणजे थोरलीची जाऊ, भांडी घासता घासता हवेला ऐकवायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." अलीकडून थोरलीही मागं राहायची नाही. ती म्हणायची, "चोराच्या मनात चांदणं." दोघी एकमेकींची नावं घेत नव्हत्या. एकमेकींच्या घरून मीठमिरची मागणं बंद झालं होतं, एवढं मात्र दोघींनाही जड जात होतं.

थोरलीचा नवऱ्यावर विश्वास होता. त्याच्या पायांवर तर त्याहून जास्त. पण घरात तिला काही वेगळंच दिसत होतं.

थोरला चाकावरून उठताना भिंतीला हात लावायला लागला होता. आधी एक, मग दोन्ही. पोटऱ्या दुखतात म्हणायचा, पण ती तेल लावायला गेली की झटकून टाकायचा. ओठांचे कोपरे चिरले होते, जांभई देताना त्यातून रक्त यायचं. चूळ भरली की पाण्यात लाल धार दिसायची. ही तक्रार ऐकून ती म्हणायची, उष्णता झालीय. उष्णता हे आपल्याकडचं मोठं सोयीचं दुखणं आहे, कशालाही चालतं.

आणि एकदा तर तो माती पाहून आला तो एकाच चपलेवर. दुसरी चप्पल वाटेत कुठंतरी पायातून निसटली होती. तो एक पाय मातीनं भरलेला, एक पाय चपलेत, असा सगळ्या गल्लीतून चालत आला होता. पोरं हसली. एकानं विचारलं, "काका, आज लवकर लागली वाटतं?" आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस मान खाली घालून घरात शिरला. थोरली चप्पल शोधायला गेली. गल्लीच्या वळणावर ती सरळ पडली होती, कुणी काढून ठेवावी तशी.

"निसटली तर कळली नाही?" तिनं विचारलं.

"विचारात होतो," तो म्हणाला.

तिनं ते मानलं. विचार करण्यासारखं घरात पुष्कळ होतं. तिनं फक्त त्याच्या जेवणाकडं जास्त लक्ष द्यायला सुरुवात केली. आणि लक्ष द्यायचं म्हणजे अन्न मऊ करायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

या घरात चुलीला लाकूड मिळायचं नाही. लाकूड सगळं भट्टीचं. सासऱ्याचा दंडक होता, भट्टीच्या रचलेल्या लाकडाला चुलीसाठी हात लावायचा नाही. चुलीला काटक्या, साली, वाळका पाला, जे मिळेल ते. त्यावर डाळ शिजायची कधी आणि घेवडा मऊ व्हायचा कधी? मग सासूनं तिला खायचा सोडा दाखवला होता. चिमूटभर टाकला की घेवडा लोण्यासारखा. पालेभाजीत टाकला की भाजी हिरवीगार. सोड्याचं पाणी तुरट लागतं म्हणून ते ओतून द्यायचं. तांदूळ तर चांगला पांढराशुभ्र, गिरणीत घासलेला, तोही पाणी निवळ होईपर्यंत धुवायचा. सासू गेली तेव्हा चिमूट होती. थोरलीच्या हातात तिचा अर्धा चमचा झाला. थोरल्याचं तोंड चिरलंय, हिरड्या दुखतात, म्हणून हल्ली आणखी थोडा.

तो जेवायचाही भरपूर. भाताचा डोंगर, वर मऊ डाळ, आणि जेवणावर लगेच काळाकुट्ट चहा. दिवसभरात चहाला गणती नव्हती. चाकावर बसलेल्या माणसाला चहाच तरतरी देतो. जेवून पोट भरायचं, पण अंगात काही उतरायचं नाही.

त्या संध्याकाळी भट्टी निवत आली होती. थोरला राख ओढत होता आणि थोरली मडकी बाहेर काढायला उकिडवी बसली होती. एकदम तिला वास आला. केस जळल्यासारखा, पण केसांचा नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं. थोरला तिच्याकडं पाठ करून उभा होता, आणि त्याच्या उजव्या टाचेखालून बारीक धूर येत होता.

"अहो, पाय."

तो वळला. "काय पाय?"

"पाय उचला तुमचा."

त्यानं पाय उचलला. खाली निखारा होता, आणि त्याचा एक तुकडा टाचेला चिकटून वर आला. थोरलीनं तो हातातल्या फडक्यानं उडवला आणि मडक्यातलं पाणी ओतलं. चर्र झालं. कातडी पांढरी पडून सुटली होती. तिच्याच अंगावर काटा आला. थोरला मात्र आपल्या टाचेकडं दुसऱ्याची असावी तसा बघत होता.

ती खालीच बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पावसाळा संपता संपता. आधी मुंग्या यायच्या. मग रात्री तळवे जळायचे. मग तेही थांबलं."

"म्हणजे चिखल तुडवताना..."

"नाही कळत."

"काहीच?"

"गुडघ्याच्या खाली लाकूड लावल्यासारखं वाटतं."

थोरलीच्या डोळ्यांसमोर बाजार आला. चार हातांवर उभा राहिलेला, मडकी गोळा करून निघून गेलेला धाकटा आला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "खडे कुणी टाकले नव्हते. ते नेहमीचेच होते. तुम्हाला लागत नव्हते, एवढंच."

थोरल्यानं तोंड फिरवलं. "ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं."

"मला तरी सांगायचं."

"काय सांगू? पाय बधिर झालेत म्हणून? बधिर पाय कुणाचे असतात?" त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढं वाकावं लागलं. "महारोग आहे म्हटल्यावर या घरच्या मडक्यातलं पाणी पिईल कुणी?"

तेव्हा तिला कळलं की हा माणूस इतके महिने कशाशी एकटा झुंजत होता. तिला त्याचा राग आला आणि रागापेक्षा मोठी माया आली. दोन्ही एकदम आल्यावर काय करावं ते न सुचून तिनं त्याच्या टाचेला फडकं बांधायला घेतलं.

सकाळी दवाखान्यात बाकावर बसलेला थोरला शिक्षा ऐकायला आल्यासारखा दिसत होता. नर्सबाई मध्यम वयाची, चष्मा नाकावर घसरलेला, घाईतली होती. तिनं टाच साफ करून बांधली, मग त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक पायावरून फिरवलं.

"कळलं की हो म्हणा."

पावलांवर काही नाही. घोट्यांवर नाही. अर्ध्या पोटरीच्या वर गेल्यावर तो हो म्हणाला. दुसऱ्या पायालाही तसंच. तिनं अंगावर चट्टे पाहिले, कोपराच्या शिरा चाचपल्या, रक्त घेऊन साखर तपासली. मग त्याला जमिनीवर उकिडवं बसवून, हात न टेकता उठायला सांगितलं. त्याला उठता आलं नाही. थोरलीनं पुढं होऊन हात दिला.

"तुम्ही घाबरलात ते हे नाही," नर्सबाई म्हणाली. तिनं रोगाचं नावही घेतलं नाही, पण थोरल्याची मान वर झाली. "आणि ते असतं तरी गोळ्यांनी बरं होतं, मडक्यातून पसरत नाही, ते वेगळं. चट्टा नाही, साखर नाही. दोन्ही पाय सारखे, मोजे घातल्यासारखे बधिर. घरात काय खाता ते सांगा."

थोरलीला हा प्रश्न सोपा वाटला. तिनं अभिमानानं सांगितलं. तांदूळ किती वेळा धुते, भाजी कशी हिरवी राहते, घेवडा कसा लोण्यासारखा होतो. नर्सबाईनं लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"सोडा रोज घालता?"

"रोज. दातांना त्रास नको म्हणून."

"आणि पाणी?"

"ओतून देते."

नर्सबाईनं चष्मा काढला. ती रागावली नाही, ते थोरलीला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं. "हे बघा," ती म्हणाली. "अन्नात काही जीवनसत्त्वं असतात, ती पाण्यात विरघळतात. ब गटातली सगळी, आणि क. तुम्ही धुतलं की धुण्याच्या पाण्यात जातात, उकळून पाणी ओतलं की त्या पाण्याबरोबर जातात. आणि त्यातलं एक, ब एक म्हणतात त्याला, सोड्यानं मरतं. नसा त्याच्यावर चालतात. खाल्लेल्या भाताची ताकद व्हायची तर तेच लागतं, म्हणून जितका भात जास्त, तितकी त्याची गरज जास्त. तुम्ही यांना डोंगरभर भात दिलात आणि तो जिरवणारंच काढून घेतलंत. उरलंसुरलं चहानं नेलं."

"शरीरात साठा नसतो?" थोरल्यानं विचारलं. पहिल्यांदाच तो बोलला.

"या जातीचा फारसा नाही. एक ब बारा सोडलं तर. बाकीची रोजची रोज लागतात, जास्त झाली तर लघवीवाटे जातात. कच्च्या मडक्यात पाणी भरून ठेवता का तुम्ही? तसं आहे. ओठ चिरतात ते ब दोन कमी पडतं म्हणून. हिरड्या फुटतात ते क नाही म्हणून, लिंबू-आवळा कच्चं खायचं, शिजवून नाही."

"मग मला का नाही झालं?" थोरलीचा आवाज कापरा झाला. "मीही तेच खाते."

"दुपारी कुठं कामाला जाता?"

"शेंगा फोडायला. मजुरीनं."

"फोडता फोडता तोंडात टाकता?"

थोरली ओशाळली. "मूठभर जातातच."

"त्या मुठीनं तुम्हाला राखलं."

इंजेक्शन झालं, गोळ्या मिळाल्या. नर्सबाईनं स्पष्ट सांगितलं, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे तर आलंही मुंगीच्याच पावलानं, जायला महिने लागतील, आणि सगळं परत येईलच असं नाही.

घरात शिरल्यावर थोरली सरळ चुलीपाशी गेली, सोड्याचा डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि चुलीपुढं बसून रडली. शत्रूनं घातलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या. तिनं प्रेमानं, मोजून, रोज घातलं होतं. थोरला दारात उभा राहिला, भिंतीला धरून.

"तुला काय माहीत होतं," तो म्हणाला.

"तुम्हालाही काही माहीत नव्हतं, आणि तुम्ही दुसऱ्यावर ढकललंत. मी कुणावर ढकलू?"

ती उठली, डोळे पुसले, भट्टीच्या रचलेल्या ढिगातून दोन चांगली जाड लाकडं ओढली आणि चुलीत घातली. थोरल्यानं बापाचा दंडक मोडताना पाहिला आणि मोडू दिला. त्या दिवशी घेवडा रात्रभर भिजलेला नव्हता, त्यामुळं थोडा टणकच राहिला. दोघांनी तो चावून चावून खाल्ला.

मग घरातलं सगळंच बदललं. हातसडीचा तांबूस तांदूळ आला, एकदाच धुतलेला. कडधान्याला मोड यायला लागले. भाजीचं पाणी भाजीतच आटायचं. शेजारणीच्या कोंबड्यांची अंडी मडक्यांच्या बदल्यात यायची. चहा दोन वेळा, तोही जेवणापासून लांब, आणि यावरूनच घरात सगळ्यात जास्त कुरबुर झाली.

चिखल आता थोरली तुडवायची. पहिल्या दिवशी तिची कंबर धरली आणि पायांना भेगा पडल्या. पण खडा लागायचा. लागला की ती थांबायची, वाकून काढायची आणि थोरल्याच्या समोर खापरीत टाकायची. नेहमीचेच खडे, दरवर्षी जेवढे असतात तेवढे. थोरला चाकाशी बसून खापरीकडं न बघता गोळा चढवायचा. हात त्याचे शाबूत होते. मडकी आता फुटत नव्हती.

खापरांच्या ओळीपलीकडं धाकट्याचं चाक मात्र बराच वेळ गप्प असायचं. बाजारात त्याच्याजवळ बसायला कुणी तयार नव्हतं. सख्ख्या भावाच्या मातीत खडे टाकणारा, असं लोक दबक्या आवाजात म्हणायचे. विकत घेणारे दोन पावलं जास्त चालून दुसरीकडून घ्यायचे.

"भाऊजींना सांगायला पाहिजे," थोरली म्हणाली.

"सांगणार आहे. पाय येऊ दे."

"पाय आल्यावर सांगण्यात काय आहे?"

"आत्ता सांगितलं तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? नर्सबाई सांगेल, पण ऐकणार कोण? मडकी फुटत होती तेव्हा लोक बदलून मागत होते. हे कळलं तर बदलूनही मागणार नाहीत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तिला ते ऐकवेना. "मग तोवर ते चोर," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली.

तो त्या दिवशी जेवला नाही नीट. पुढचे काही दिवस चाकावर त्याची मडकी तिरकी जायला लागली, मोडून पुन्हा गोळा करावा लागायचा. ती चिखल तुडवत राहिली. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं.

बाजाराच्या दिवशी तो काठी घेऊन निघाला. आत्तापर्यंत काठी नको म्हणायचा. ऊन चढलं, खानावळवाली आली, मडक्याला टिचकी मारून तिनं कानाशी धरलं. "हल्ली बरी येतायत," ती म्हणाली. "भावानं खोडी थांबवली वाटतं."

थोरला काठीवर भार देऊन उठला. उठायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघू लागली.

"त्यानं कधी खोडी केलीच नव्हती," तो म्हणाला. "खडे मातीतलेच होते. माझे पाय बधिर झालेत. गुडघ्याखाली मला काही कळत नाही. खडे माझ्या पायाखालून गेले आणि मी नाव त्याचं घेतलं."

थोरल्याच्या कपाळावर घाम आला होता. "अन्नातलं कमी पडलं म्हणून झालंय. औषध चालू आहे. कुणाला लागणारं नाही. दवाखान्यात विचारा." पण हे वाक्य त्याच्या स्वतःच्या कानांनाही लंगडं वाटलं असावं. खानावळवालीची नजर त्याच्या पावलांवर गेली, टाचेच्या फडक्यावर थांबली. तिनं हातातलं मडकं हळूच, आवाज न करता, खाली ठेवलं आणि हात पदराला पुसला.

ते हात पुसणं थोरलीनं पाहिलं. थोरल्यानंही पाहिलं. तो तसाच उभा राहिला.

बाजाराच्या टोकाला, जिथं हल्ली तो एकटाच बसायचा, तिथून धाकटा उठला. त्यानं आपल्या टोपलीतली मडकी दोन्ही हातांत घेतली आणि तो सरळ चालत थोरल्याच्या समोर आला. थोरली घाबरली. धाकटा खाली बसला आणि त्यानं आपली मडकी थोरल्याच्या मडक्यांत ठेवली. एक इथं, एक तिथं, एक मागच्या रांगेत. परत गेला, आणखी घेऊन आला. सगळी टोपली रिकामी होईपर्यंत तो ये-जा करत होता. दोघांचा बाप एक, गुरू एक, भट्टीचा रंग एक. थोड्या वेळात कुठलं कुणाचं ते सांगायला देवही उतरला असता तरी त्याला जमलं नसतं.

"दादा, सरक जरा," धाकटा म्हणाला. "उन्हात उभा कशाला?"

थोरला सरकून खाली बसला. धाकटा त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि खानावळवालीकडं पाहून म्हणाला, "कुठलं देऊ?"

खानावळवालीचा हात मडक्यांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. तिला पंधरा माणसांचं पाणी भरायचं होतं, ऊन वाढत होतं, आणि सगळ्या बाजारात चांगली मडकी याच ढिगात होती. शेवटी तिनं एक उचललं आणि टिचकी मारली. ते छान वाजलं.

थोरलीला ते ओळखू आलं. तिच्या नवऱ्याच्या हातच्या मडक्याचा काठ किंचित जाड असतो. तिनं मडक्याखाली ठेवायला गवताची चुंबळ पुढं केली.